ताई-दाजी येताहेत: अकलूजची वाइन, सोलापूरची खानावळ आणि घरची पंगत कशी जुळवावी?

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही जुळे सोलापुरात राहतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ताई आणि दाजी बेंगळुरूहून येताहेत. दोघांना वाइनची चांगली जाण आहे, आम्हाला बायको-नवऱ्याला अजिबात नाही. त्यांना अकलूजला न्यायचं, गावातलं मटण खिलवायचं आणि एक दिवस घरी जेवायला बसवायचं असं ठरवतोय. पण जो तो म्हणतो, आपल्या तिखटापुढे वाइन टिकत नाही. मग जेवण सौम्य करायचं, की वाइनचा नाद सोडायचा?"

दोन्ही करू नका. सौम्य जेवण तुमच्या ताईंना बेंगळुरूतही मिळतं. आणि वाइन आपल्या जिल्ह्यात तयार होत असताना ती आपल्या ताटाशी जुळत नाही असं मान्य करणं मला पटत नाही. मी सोलापुरात घरगुती जेवणं करून देते आणि वाइन चाखण्याच्या छोट्या बैठका घेते, त्या अनुभवावरून सांगते. वाइन प्यायची ती द्राक्षबागेत, काळं मटण खायचं ते खानावळीत, आणि दोन्ही एकत्र आणायचं ते फक्त घरी. घरीसुद्धा गाठ घालायची ती काळ्या रश्श्याशी नाही, तर शेंगा, तीळ आणि ज्वारीशी. आपलं जेवण म्हटलं की लोकांना आधी रस्सा आठवतो, पण ताटातला निम्मा भाग शेंगा-ज्वारीचा असतो आणि वाइनला तोच मानवतो.

आधी तिखटाचं बघू, कारण सगळी भीती तिथेच आहे. मिरचीची आग ही चव नसते, ती जिभेच्या उष्णता जाणवणाऱ्या नसांना लागलेली चेतावणी असते. अल्कोहोल त्याच नसांना आणखी संवेदनशील करतं. म्हणून तिखट घासावर चौदा टक्के अल्कोहोलची रेड वाइन घेतली की आग वाढते, कमी होत नाही. त्यात रेड वाइनमध्ये टॅनिन असतं, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेलं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड कोरडं करतं. भाजलेलं तोंड आणि वर कोरडं, असं झालं की माणूस म्हणतो वाइन कडू आहे. वाइन कडू नसते, जोडी चुकलेली असते. याउलट थंडपणा, किंचित गोडी, कमी अल्कोहोल आणि दह्या-लोण्यातली स्निग्धता या चार गोष्टी तिखट उतरवतात. मीठ वाइनचा कडूपणा कमी करतं. तेलकट पदार्थाला वाइनमधला आंबटपणा किंवा बुडबुडे हवे असतात, ते जिभेवरचं तेल धुऊन काढतात. एवढं ध्यानात ठेवलंत तरी निम्मे निर्णय आपोआप होतील.

आता अकलूज. माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ मोटेवाडी, निमगाव आणि गारवाड इथे फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागा आहेत. इटलीतले सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून हे काम उभं केलं. रोपं फ्रान्समधून आणली, वाइन बनवायला इटलीच्या टस्कनी प्रांतातले पिएरो मासी आले, आणि २०१० च्या सुमारास त्यांच्या बाटल्या बाजारात आल्या. त्यांची 'सेट्टे' ही रेड वाइन सांजोव्हेझे आणि कॅबरने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांची. सांजोव्हेझे हे टस्कनीचं मुख्य लाल द्राक्ष. ते आपल्या उन्हात कसं उतरलंय हे दाजींना आवर्जून बघायला आवडेल. ओळखीच्या द्राक्षाची अनोळखी मातीतली चव, यासाठीच जाणकार लोक बागांना भेटी देत फिरतात.

तुम्ही फेब्रुवारी निवडलात हे फार चांगलं झालं. आपल्याकडे द्राक्षाच्या दोन छाटण्या असतात: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. वाइनच्या द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत चालते. मे महिन्यात गेलात तर छाटणीनंतरची बाग दिसते, फळाचं नाव नाही. फेब्रुवारीत घड लगडलेले असतात, वायनरीत द्राक्षं उतरत असतात, दांडे वेगळे करणारं यंत्र चालू असतं आणि आवारात आंबलेल्या रसाचा वास भरलेला असतो. मात्र तोडणीच्या दिवसांत सगळे गडबडीत असतात, त्यामुळे आधी फोन करून वेळ पक्की केल्याशिवाय निघू नका. चाखण्याची सोय त्या दिवशी आहे का, किती जणांची, जेवण मिळेल का, हे तीनही विचारा.

बागेत एक गोष्ट नक्की करायला सांगा. परवानगी घेऊन वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोडा आणि सावकाश चावा. आपण जिल्ह्यात खायच्या द्राक्षाला सरावलेले आहोत. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी शोधलेल्या सोनाका आणि शरद सीडलेस या जाती तर घराघरात माहीत आहेत. त्या द्राक्षाचा मणी मोठा, साल पातळ, बी नाही. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. आधी गर खा, तो गोड लागेल आणि लाल द्राक्ष असलं तरी गराला रंग जवळपास नसेल. मग नुसती साल दाढेखाली चावा. दातांवर खरखरीत, तुरट थर बसतो, बोटाला रंग लागतो. बी फोडलीत तर ती आणखी तुरट. रेड वाइनचा रंग आणि टॅनिन कुठून येतं हे त्या एका मण्यात कळतं. रेड वाइन सालीसकट आंबवतात, व्हाइट वाइनचा रस आधी गाळून घेतात. टाक्यांपाशी गेलात की स्टीलच्या टाक्या बाहेरून थंड ठेवलेल्या दिसतील. व्हाइट वाइन थंडाव्यात सावकाश आंबली नाही तर तिचा सुगंध उडून जातो, आणि आपल्या हवेत तो थंडावा यंत्रानेच आणावा लागतो.

चाखायला बसताना अत्तर लावून जाऊ नका. आधी पान, तंबाखू, कडक चहा नको. रिकाम्या पोटी तर मुळीच नको, सकाळी भाकरी-भाजी खाऊन निघा. ग्लासात तीस-चाळीस मिलीलीटर ओततात, तेवढं पुरतं. आधी न हलवता वास घ्या, मग ग्लास फिरवून पुन्हा घ्या. दोन वासांत फरक जाणवेल. एक घोट तोंडात घोळवा आणि तीन गोष्टी शोधा: जिभेच्या कडेला पाणी सुटतं का, हिरड्या कोरड्या पडतात का, आणि गिळल्यावर चव किती वेळ राहते. बाकी चेरी, पेरू, तंबाखूचे वास लगेच ओळखू आले नाहीत तरी बिघडत नाही. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकणं हा अपमान नाही. अनेक वाइन चाखायच्या तर तेच शहाणपणाचं. गाडी चालवणाऱ्याने तर प्रत्येक घोट तिथेच टाकावा, किंवा सरळ ड्रायव्हर सांगावा. सोलापूर ते अकलूज अडीच तासांचा रस्ता आहे आणि त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालतात.

वाटेचंही सांगते. पंढरपूर-वेळापूरमार्गे गेलात तर वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ बघून घ्या. टेंभुर्णीकडून गेलात किंवा आलात तर उजनी धरणाच्या पाण्यातली चिलापी मासळी तळून देणारी हॉटेलं लागतात. ती मासळी ताजी असते, काटे कमी, आणि कुरकुरीत तळलेली चिलापी सोव्हिन्यों ब्लाँ या थंड व्हाइट वाइनबरोबर इतकी सुरेख लागते की एखादी किलोभर साफ करून बर्फात घालून घरीच आणावी. पुढे कधी पावसाळ्यात बेत केलात तर पंचांग बघा. तुकोबांची पालखी अकलूजवरून जाते, तिथे रिंगण होतं. त्या दिवसांत त्या रस्त्याला वारकऱ्यांचाच मान. आषाढी-कार्तिकीला दारूविक्रीही बंद असते.

गावातल्या जेवणाबद्दल माझं मत ठाम आहे: खानावळीत वाइनचा विषय काढू नका. सावजी खानावळीत किंवा विजापूर वेशीकडे कबाब खायला जाल तेव्हा तिथला रस्सा, कडक भाकरी, कांदा, लिंबू हे सगळं एकमेकांसाठी बनलेलं आहे. कच्चा कांदा तोंडात असताना कोणत्याही वाइनचा सुगंध कळत नाही. काळ्या तिखटातली लवंग, दगडफूल, करपवलेलं खोबरं यांच्यापुढे नाजूक वाइन पाण्यासारखी लागते आणि जाड वाइन आग वाढवते. तिथे सोबतीला ताक घ्या. ताकातलं केसिन हे प्रथिन मिरचीचा तिखट अंश धरून वाहून नेतं, पाणी ते करत नाही. परमिट रूममध्ये वाइन मागवायचीच झाली तर ग्लासाने मागवू नका. व्हिस्कीच्या ओळीत उभी, गरम, कधी उघडली कोण जाणे अशी बाटली असते. बंद बाटली समोर उघडून मागा आणि बर्फाची बादली मागा.

खानावळीपलीकडे गावात बरंच आहे. लिंगायत घरांतली एण्णगाई म्हणजे भरली वांगी आणि शेंगाहोळिगी म्हणजे शेंगापोळी, पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरांतले संक्रांतीचे सकिनालू म्हणजे तांदळाच्या पिठाची, तीळ घातलेली तळलेली कडी, आणि जिल्ह्यातली ती मिश्र डाळींची बाजार आमटी. ओळखीच्या घरातून किंवा घरगुती करून देणाऱ्या बायकांकडून हे मागवता येतं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं एका गावात राहतात म्हणून आपल्या जेवणात एवढं वैविध्य आहे. ताई-दाजींना हे सगळं हॉटेलच्या मेनूकार्डावर दिसणार नाही, तुमच्या घरच्या ताटात दिसेल.

म्हणून घरच्या जेवणावर सगळ्यात जास्त जीव लावा. क्रम असा ठेवा की तिखट शेवटी चढेल आणि जेवणाची वाइन त्याआधी संपेल.

सुरुवातीला स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, चांगली गार. तिच्यासोबत सकिनालू, भाजलेल्या शेंगा आणि कडक भाकरीचे तुकडे, वर ताजं लोणी आणि मिठाची कणी. तीळ, तेल, मीठ, कुरकुरीतपणा, सगळं बुडबुड्यांच्या आवडीचं. त्यात वाटीभर शेंगाचटणी ठेवा, पण ती घरी कांडलेली असू दे. मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं कोरडं कूट होतं. उखळात कांडताना दाणा चिरडतो आणि स्वतःचं तेल सोडतो. मंद आचेवर खरपूस भाजलेले दाणे, साली अर्ध्या पाखडून, लसूण, जिरं, मीठ, तिखट. आधी लसूण-जिरं-मीठ-तिखट कांडायचं, मग दाणे मुठीमुठीने घालायचे. थोड्या वेळाने मुसळ जड व्हायला लागतं, चटणी उखळाच्या कडा सोडून गोळा होते आणि बोटाने दाबली की बोटाला तेल चमकतं. तिथे थांबायचं. या जेवणासाठी तिखट नेहमीच्या निम्मं घाला आणि खाताना चटणीत घट्ट दही कालवा. अशी दह्यातली शेंगाचटणी आणि शेनिन ब्लाँ ही थंड व्हाइट वाइन, ही मला सोलापूरच्या ताटातली सर्वोत्तम जोडी वाटते. दाण्याची भाजकी गोडी वाइनमधल्या फळाला धरते आणि वाइनचा आंबटपणा तेल उचलतो. दही मात्र ताजं, गोडसर लागणारं हवं. अन्न वाइनपेक्षा आंबट झालं की वाइन सपक लागते.

दुसरा घास हुरड्याचा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कोवळी कणसं अजून मिळतील. सुरती, गुळभेंडी, कुचकुची यांपैकी जी मिळेल ती घ्या. शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजून हातावर मळलेल्या हुरड्याला तोड नाही. ओळखीचं शेत असेल तर एक दुपार तिकडेच काढा. घरी करायचा तर सोललेला हुरडा लोखंडी तव्यावर झाकून, चमचाभर तूप घालून परतून घ्या. त्याला दुधाळ गोडी असते, धुराचा हलका वास असतो. शेनिन ब्लाँच चालू ठेवा. इथे लिंबू पिळू नका.

मग मटण, पण अळणी, म्हणजे बिनतिखटाचं. काळं तिखट घालायच्या आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेलं मटण आणि त्यावरचं पाणी आपल्याकडे मुलांसाठी, आजाऱ्यांसाठी बाजूला काढतात. यावेळी ते पाहुण्यांसाठी काढा. पाणी वाटीत गरम द्या, वर चार मिऱ्यांची भरड. फोडी तुपात लसूण-मिऱ्यावर सुक्या परता. आता सांजोव्हेझे उघडा. मटणाच्या चरबीने आणि मिठाने टॅनिन मवाळ होतं, मिऱ्याचा झणका वाइनमधल्या मसालेदार वासाला उचलून धरतो. शाकाहारी पंगत असेल तर याच जागी भरली वांगी: काटेरी वांगी, शेंगांचं कूट, भाजके तीळ, सुकं खोबरं, काळं तिखट चवीपुरतं, चिंच अगदी थोडी. सोबत मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी. त्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीतल्या त्या ज्वारीच्या भाकरीला गोडी येते. धपाटे केलेत तर त्यांना रोझे, म्हणजे गुलाबी वाइन जवळची.

रेड वाइन किती थंड हवी, यावर लोक फसतात. पुस्तकांत लिहिलेलं खोलीचं तापमान म्हणजे युरोपातली थंड खोली, साधारण सोळा ते अठरा अंश. आपल्या घरात फेब्रुवारीतसुद्धा दुपारी तीस अंश असतात. रेड वाइन वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. गरम रेड वाइनमध्ये फक्त अल्कोहोलचा वास चढतो, फळ दबतं. व्हाइट आठ-दहा अंशांवर, स्पार्कलिंग त्याहून गार. पातळ काचेचे, पोटाला रुंद आणि तोंडाला निमुळते ग्लास असले तर उत्तम. ते एक तृतीयांशच भरा.

आता काळा रस्सा आणा. तो करायलाच हवा, आणि पूर्ण तिखट करायला हवा. फक्त त्याच्यासोबत वाइनचे ग्लास बाजूला घ्या आणि ताक, कांदा, लिंबू मांडा. दाजींनी हट्ट धरला तर गार रोझे द्या, सांजोव्हेझे देऊ नका. एवढी चांगली रेड वाइन तिखटावर वाया जाते.

शेवट शेंगापोळीने, तूप लावून. इथे नियम एकच, वाइन पदार्थाइतकी तरी गोड हवी. कोरडी, म्हणजे गोडी नसलेली रेड वाइन गुळासोबत आंबट लागते. लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ मिळाली तर घ्या. ती उशिरा, जास्त पिकलेल्या द्राक्षाची असते, मधासारखी. छोटी बाटली चौघांना पुरते. नाही मिळाली तर शेंगापोळी तशीच वाढा, तिला कशाचीही गरज नाही.

घरात कुणी माळकरी असेल, आई-वडिलांना हे रुचत नसेल, तर वाइनचा भाग अकलूजला उरकून घरी फक्त जेवण करा. तेही तितकंच छान होईल. जे पीत नाहीत त्यांच्या ग्लासात कोकम किंवा ताक असावं आणि त्याबद्दल कुणी काही बोलू नये. वयाची अट पाळा आणि मद्यसेवनाचा परवाना काढून ठेवा. एक दिवसाचा परवाना वाइन शॉपमध्येही मिळतो.

खरेदीचा हिशेब सोपा आहे. साडेसातशे मिलीच्या बाटलीत पाच ग्लास होतात. चौघांसाठी एक स्पार्कलिंग, एक शेनिन ब्लाँ, एक सांजोव्हेझे आणि लेट हार्वेस्टची छोटी बाटली पुरे, त्यातही उरेल. अकलूजला विक्री चालू असेल तर तिथूनच घ्या, पण परतताना बाटल्या डिकीत ठेवू नका. एसीत, सीटखाली, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा. उन्हात तापलेल्या डिकीत वाइन उकडते, बूच वर सरकतं आणि चव शिजल्यासारखी होते. घरी आल्यावर बाटल्या भाजीच्या कप्प्यात आडव्या टाका. उघडलेली रेड किंवा व्हाइट बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, स्पार्कलिंग त्याच रात्री संपवावी. उरलेली सांजोव्हेझे दुसऱ्या दिवशी उरलेल्या वांग्यांबरोबर घेऊन बघा. मुरलेल्या वांग्याला ती आदल्या दिवसापेक्षा जास्त जवळ येते.